पंडिता रमाबाई : व्रतांपासून कृपेपर्यंत

पंडिता रमाबाईंचे नाव आमच्या बहुतेक वाचकांच्या कानी पडलेले असते ते स्त्रीशिक्षणाच्या संदर्भात. शारदासदनाच्या संस्थापिका, विधवांच्या कैवारी, संस्कृत विदुषी, एवढी ओळख शालेय पुस्तके करून देतात, आणि ती खरीच आहे. परंतु या बाईंच्या अंतःकरणात बालपणापासून एक वेगळाच प्रश्न घर करून बसला होता. मनुष्य ईश्वरापर्यंत पोहोचतो तो आपल्या आचरणाच्या बळावर, की ईश्वराने आपण होऊन केलेल्या कृपेच्या बळावर? या प्रश्नापायी त्यांच्या आयुष्यास दोन वळणे मिळाली. पहिले वळण १८८३ सालचे. त्या वर्षी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि त्यावरून महाराष्ट्रात मोठे वादळ उठले. दुसरे वळण १८९१ सालचे. त्या वर्षी त्यांचा धर्म बदलला नाही, नाव बदलले नाही, लुगडेही बदलले नाही. त्यामुळे वर्तमानपत्रांस त्याची वार्ताही लागली नाही. चरित्रे वाचताना आम्हांस मात्र हे दुसरे वळणच अधिक मोलाचे वाटत आले आहे, आणि प्रस्तुत लेखात आम्ही त्याच्याच वाटेने जाणार आहो.

महाराष्ट्राच्या सीमेबाहेर राहणाऱ्या आम्हां मराठी माणसांस रमाबाईंविषयी एक विशेष आपुलकी वाटते, कारण त्याही आमच्यासारख्याच बाहेरच्या मुलुखात जन्मल्या. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण. घर कानडी मुलुखात, सह्याद्रीच्या पायथ्याशी. तरुणपणी ते विद्याभ्यासासाठी पुण्यास गेले असता त्यांचे गुरू रामचंद्रशास्त्री हे पेशव्यांच्या वाड्यात राणीसाहेबांस संस्कृत शिकवीत. स्त्रीच्या मुखातून शुद्ध संस्कृत श्लोक ऐकून हा तरुण विद्यार्थी थक्क झाला आणि आपणही आपल्या पत्नीस शिकवावयाचे असा त्याने निश्चय केला. पहिल्या पत्नीच्या बाबतीत तो सिद्धीस गेला नाही. पुढे द्वितीय पत्नी लक्ष्मीबाई यांस त्यांनी शिकविण्यास आरंभ केला, तेव्हा ज्ञातीत ओरड झाली व शास्त्रीबोवांस उडुपीच्या पंडितांपुढे आपली बाजू मांडावी लागली. स्त्रीने पुराणे व काव्ये वाचण्यास शास्त्राची आडकाठी नाही, हे त्यांनी ग्रंथाधारे सिद्ध केले. मग त्यांनी गंगामूळच्या घोर अरण्यात आश्रम बांधला, आणि तेथेच २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला.

आश्रमात अतिथींचा राबता असे, आणि अतिथीस विन्मुख पाठवावयाचे नाही हा धर्म. त्या धर्मापायी कर्ज झाले व आश्रम सोडावा लागला. त्या वेळी रमाबाई अवघ्या सहा महिन्यांच्या होत्या. वेताच्या पेटाऱ्यात घालून त्यांस डोंगराखाली उतरविण्यात आले, आणि तेथून या कुटुंबाची जी यात्रा सुरू झाली ती वर्षानुवर्षे थांबलीच नाही.

ही यात्रा कशी असे ते सांगितल्यावाचून पुढील कथेचे मर्म समजणार नाही. एखाद्या तीर्थक्षेत्री जावयाचे, स्नान करावयाचे, देवालयात अथवा घाटावर आसन मांडून पोथी सोडावयाची आणि पुराण वाचावयाचे. ऐकणारे फुले, धान्य, फळे, पैसे पुढे ठेवीत. पुराणिकाने भिक्षा मागू नये आणि हातांनी मजुरीही करू नये, असा त्या काळचा दंडक. मिळालेल्या द्रव्यातून पोटापुरते ठेवून उरलेले सारे दानधर्मात, ब्राह्मणभोजनात आणि देवकार्यात जाई. उपवास, जप, प्रदक्षिणा, तीर्थस्नाने यांत एक दिवसाचाही खंड नसे. पहाटेच्या अंधारात आई या धाकट्या मुलीस उठवून कुशीत घेई व संस्कृत पाठ म्हणवून घेई. बारा वर्षांची होईतो या मुलीस भागवताचे अठरा हजार श्लोक मुखोद्गत झाले होते. आम्ही परीक्षेसाठी सुभाषितांचा एक पाठ तोंडपाठ करतो तेव्हा आमची काय अवस्था होते, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको!

या घराच्या धर्मनिष्ठेत दांभिकतेचा लवलेश नव्हता, हे आम्ही मुद्दाम नमूद करतो. रमाबाईंनी पुढे जुन्या आचारधर्मावर कठोर टीका केली, पण मातापित्यांच्या सचोटीविषयी त्यांच्या लेखणीतून एकही उणा शब्द उतरला नाही. आणि म्हणूनच पुढे जे घडले ते अधिक हृदयद्रावक आहे.

१८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला. द्रव्य पुण्यकर्मात संपून गेले होते. शास्त्रीबोवा वृद्ध, त्यांची दृष्टी गेलेली. श्रमाची कामे करण्याची घरात कोणास सवय नाही आणि भिक्षा मागण्याची लाज. भांडी गेली, दागिने गेले, अंगावरची बरी वस्त्रे गेली. देव प्रसन्न व्हावा म्हणून व्रते मात्र अधिकच कडक करण्यात आली. अधिक उपवास, अधिक जप. अखेर तिरुपतीजवळच्या रानात या मंडळींनी अकरा दिवस पाणी, झाडपाला आणि मूठभर रानटी खजूर यांवर काढले. आता कोणाच्या दारी उभे राहण्यापेक्षा पवित्र तीर्थात देह अर्पण करावा, असे पित्याने ठरविले आणि एकेकाचा निरोप घेण्यास आरंभ केला. धाकट्या मुलीस त्यांनी जवळ घेतले आणि आपण तुला ईश्वरास अर्पण केले आहे, आयुष्यभर त्याचीच सेवा कर, अशा अर्थाचा उपदेश केला. इतक्यात थोरला मुलगा श्रीनिवास पुढे झाला व आपण कुळाचा अभिमान सोडून मजुरी करतो, पण जलसमाधीचा विचार सोडावा, अशी त्याने विनवणी केली. जलसमाधी टळली, परंतु मृत्यू टळला नाही. अल्पावधीतच वडील वारले. पाठोपाठ आई गेली. तिला स्मशानात नेण्यास मोठ्या कष्टाने दोन माणसे मिळाली. चौथा खांदा रमाबाईंस द्यावा लागला. पुढे थोरली बहीण कृष्णाबाई हीही गेली.

सोळासतरा वर्षांची मुलगी आणि तिचा भाऊ, एवढीच आता उरली. तरीही त्यांनी व्रते सोडली नाहीत. उत्तरेकडे काश्मीरपर्यंत आणि तेथून पूर्वेकडे बंगालपर्यंत, चार हजारांहून अधिक मैल ही भावंडे पायी चालली. पंजाबात झेलमच्या काठी थंडीने जीव जाऊ लागला, तेव्हा वाळूत थडग्यासारखे दोन खड्डे खणून त्यांत शिरून मानेपर्यंत वाळू ओढून घेऊन त्यांनी रात्री काढल्या. हिमालयाच्या परिसरात एका पवित्र सरोवरावर सात डोंगर पाण्यावर तरंगतात आणि निष्पाप यात्रेकरू दिसताच त्याच्याकडे चालत येतात, असे त्यांनी ऐकले होते. डोंगर आले नाहीत, तेव्हा आपल्या पापांचा भार फार असावा असे वाटून दोघे खिन्न झाली. सरोवरात सुसरी आहेत, पाण्यात उतरू नका, अशी पुजाऱ्यांनी ताकीद दिली होती. परंतु श्रीनिवासाने पहाटे कोणी पाहत नाही असे पाहून पोहत जाऊन निरखले, तो तराफ्यांवर दगडमाती रचून व वर झाडे लावून ते डोंगर केलेले आढळले. दक्षिणा पोहोचली म्हणजे मागे दडलेला पुजारी होडीतून ते ढकलीत असे! अशा लबाड्या सर्व धर्मांच्या क्षेत्री घडल्या आहेत. युरोपातही पापक्षमेची पत्रे विकली जात, आणि त्याविरुद्धच मार्टिन ल्यूथर याने १५१७ साली आवाज उठविला. परंतु या भावंडांच्या मनास खरी जखम झाली ती फसवणुकीने नव्हे. इतकी वर्षे प्रामाणिकपणे सर्व काही केले, आई, बाप, बहीण त्यात खर्ची पडली, आणि देव बोलला नाही, ही ती जखम होती.

१८७८ साली दोघे कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी या तरुणीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. त्याच नगरीत त्यांनी प्रथम ख्रिस्ती लोकांची प्रार्थना पाहिली. सर्व मंडळी खुर्च्यांसमोर गुडघे टेकून बसली, तेव्हा हे लोक खुर्च्यांची पूजा करतात की काय, असे या भावंडांस वाटले! त्यांस संस्कृत बायबल भेट मिळाले, पण त्यातले मर्म त्या वेळी कळले नाही.

कलकत्त्यास असतानाच स्त्रीधर्मावर व्याख्याने देण्यासाठी रमाबाईंनी धर्मशास्त्राचे ग्रंथ बारकाईने वाचण्यास घेतले. केशवचंद्र सेन यांनी त्यांस वेद वाचण्याचा आग्रह केला. या वाचनातून त्यांच्या ध्यानी एक गोष्ट आली. ग्रंथांची अन्य शेकडो बाबतींत मते भिन्न, पण स्त्री व शूद्र यांच्या अधिकाराविषयी मात्र त्यांचा सूर बहुतेक एकच. स्त्रीस मोक्षाची वाट सरळ मोकळी नाही, पतिसेवेने व व्रतांनी पुण्य जोडून पुढल्या जन्मी वरची योनी मिळवावी, तेव्हा पुढचा विचार. म्हणजे ज्या कर्माच्या शिडीवर त्या जन्मभर चढत होत्या, ती शिडी त्यांच्यासाठी वरपर्यंत गेलेलीच नव्हती, असे त्यांस दिसले. येथे कोणी म्हणेल की आमच्या संतांनी ती वाट सर्वांस मोकळी केलीच होती. जनाबाई, चोखोबा, बहिणाबाई यांची नावे आठवतील. ते आम्हांस मान्य आहे. भाव मोठा की कर्म मोठे, हा वाद महाराष्ट्राच्या मातीतलाच आहे, आणि रमाबाईंचे समकालीन कवी ना. वा. टिळक हे ख्रिस्ती झाल्यावरही वारकऱ्यांच्याच भाषेत गात राहिले. परंतु रमाबाईंचे घर शास्त्री-पुराणिकांचे होते. त्यांचा प्रश्न शास्त्राने निर्माण केलेला होता आणि उत्तर त्यांनी शास्त्राकडेच मागितले होते.

१८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलांशी नोंदणी पद्धतीने विवाह केला आणि आसामातील सिल्चर येथे संसार थाटला. तेथे पतीच्या पुस्तकसंग्रहात लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत त्यांच्या हाती लागली. उधळ्या पुत्राचा प्रसिद्ध दृष्टांत याच ग्रंथात आहे. बापाची संपत्ती उडवून, भिकेस लागून परतणारा मुलगा क्षमेची वाक्ये मनात जुळवीत येतो, पण ती पुरी होण्याआधीच बाप धावत जाऊन त्यास मिठी मारतो. ख्रिस्ती लोक ज्यास ईश्वराची कृपा म्हणतात तिचे याहून सोपे चित्र आम्हांस ठाऊक नाही. रमाबाईंना हा धर्म आवडू लागला. पतीस मात्र ते रुचले नाही. १८८१ च्या एप्रिलात कन्या मनोरमा जन्मली, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पतीचा अंत झाला. चोविसाव्या वर्षापूर्वीच या बाईने पाच प्रेते पाहिली होती.

पुढची काही वर्षे धावपळीची आहेत. १८८२ साली त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापिला, ‘स्त्री धर्मनीति’ हे पुस्तक लिहिले, हंटर आयोगापुढे साक्ष देऊन स्त्री-डॉक्टरांची आवश्यकता सांगितली. नीलकंठशास्त्री गोरे, जे स्वतः काशीचे पंडित असून ख्रिस्ती झाले होते, त्यांच्याशी त्यांची चर्चा चाले. १८८३ साली वैद्यकी शिकावी या हेतूने त्या छोट्या मनोरमेस घेऊन इंग्लंडास गेल्या. बहिरेपण वाढत गेल्याने तो बेत तडीस गेला नाही. वाँटेज येथील सेंट मेरी संघाच्या भगिनींनी त्यांस आश्रय दिला.

या भगिनींनी त्यांस लंडनमधील फुलहॅम येथे समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांसाठी चालविलेले आश्रयगृह दाखविले. रमाबाईंस हा धक्काच होता. त्यांनी वाचलेल्या धर्मशास्त्रात अशा स्त्रीसाठी दंड आणि बहिष्कार होता. येथे कुलीन घरच्या बायका तिची शुश्रूषा करीत होत्या. हे असे का, असे त्यांनी विचारले. तेव्हा योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा त्यांस वाचून दाखविण्यात आली. पाच नवरे झालेल्या, गावाने ओवाळून टाकलेल्या त्या स्त्रीशी येशू विहिरीच्या काठी बसून बोलतो आणि तिच्याकडे पाणी मागतो. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी कन्येसह बाप्तिस्मा घेतला.

येथे कित्येक चरित्रकार त्यांच्या धर्मशोधाची कथा संपवितात. वस्तुतः पुढील आठ वर्षे रमाबाईंस मनःशांती लाभली नाही. वाँटेजच्या भगिनी प्रेमळ होत्या, तितक्याच शिस्तीच्या. प्रार्थनेच्या वेळा, उपवासाचे दिवस, संस्कारांचे क्रम, धर्माध्यक्षांची आज्ञा, या सर्वांची तेथे काटेकोर चौकट होती. रमाबाईंनी त्यांतले पुष्कळसे पाळले, आणि पुष्कळशा गोष्टींवर वादही घातला. क्रुसावर लॅटिनमधील अक्षरे कशास, संस्कृत का नको, असा प्रश्न त्यांनी केला. मांसाहार त्यांनी कधी केला नाही. धर्ममतांतली जी गोष्ट बायबलात स्पष्ट दिसत नाही ती केवळ अधिकाऱ्यांनी सांगितली म्हणून मानावयास त्या तयार नव्हत्या. त्यांच्या धर्ममाता भगिनी जेराल्डिन यांच्याशी झालेला पत्रव्यवहार पुढे प्रसिद्ध झाला आहे. तो वाचताना उडुपीच्या पंडितांपुढे उभ्या राहिलेल्या अनंतशास्त्र्यांची ही कन्या खरी, असे वाटल्यावाचून राहत नाही. परंतु वाद जिंकल्याने मनाचा भार उतरत नाही. बालपणी तीर्थे होती, आता संस्कार होते. तेव्हा मंत्र होते, आता नेमलेल्या प्रार्थना होत्या. चांगले वागावे, नियम पाळावे, म्हणजे केव्हातरी ईश्वर आपणांस स्वीकारील, हा हिशेब मात्र मनात तोच होता. वही बदलली होती, जमाखर्च चालूच होता.

१८८६ साली डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या आणि तेथेच दोन-तीन वर्षे राहून त्यांनी भारतीय विधवांच्या कार्यासाठी साहाय्य मिळविले. १८८७ साली ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हा त्यांचा इंग्रजी ग्रंथ निघाला. बोस्टन येथे स्थापन झालेल्या मंडळाने दहा वर्षे मदतीचे वचन दिले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या. पुढे १८९३ साली त्यांचा महर्षी कर्व्यांशी पुनर्विवाह झाला. सदन १८९० साली पुण्यास आले.

आणि मग १८९१ साल. त्या सुमारास रमाबाईंनी विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मचरित्र वाचले. हे गृहस्थ कॉर्नवॉल प्रांतात उपाध्याय होते. देऊळ बांधणे, संस्कार चोख करणे, लोकांस नियम शिकविणे, यांत ते मोठे दक्ष. परंतु आपणांस जे शिकवावयाचे तेच आपल्यापाशी नाही, अशी टोचणी त्यांस लागली. १८५१ साली एका रविवारी ते खिन्न मनाने व्यासपीठावर चढले आणि प्रवचन करता करता स्वतःच्याच शब्दांनी त्यांचे डोळे उघडले. त्यांचा चेहरा व वाणी पालटलेली पाहून श्रोत्यांपैकी एक जण उभा राहिला व आमच्या उपाध्यायांचे परिवर्तन झाले, असे मोठ्याने ओरडला! धर्मगुरूचे परिवर्तन त्याच्याच प्रवचनाने व्हावे, यात विनोद आहेच. पण रमाबाईंनी तो आरशासारखा वाचला. आपणही आठ वर्षे अशाच आहोत, हे त्यांना उमगले. आपणांस ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण त्या धर्माचा जो प्राण तो ख्रिस्त मिळाला नव्हता. बाप्तिस्म्याच्या पाण्यावर आणि संस्कारांवर आपली भिस्त होती, असे त्यांनी पुढे आपल्या आत्मकथनात स्पष्टपणे लिहून ठेवले.

हा भेद काय, हे थोडे उकलून सांगणे आवश्यक आहे. पौल हा ख्रिस्ताचा शिष्य पूर्वी यहुदी आचारधर्माचा कट्टर पाळक होता. त्याने आपल्या पत्रांत अनेक वार असे प्रतिपादन केले आहे, की मनुष्याचे तारण हे त्याच्या कर्मांचे वेतन नव्हे, ते दान आहे. आणि दान हे हात पसरून घ्यावयाचे असते, मोजून मिळवावयाचे नसते. ख्रिस्ताने क्रुसावर मनुष्याच्या पापांचा भार स्वतःवर घेतला, यावर विश्वास ठेवून ते दान स्वीकारणे यास ख्रिस्ती लोक श्रद्धा म्हणतात. मग सत्कर्मांचे काय? ती करावयाचीच, पण मागाहून, कृतज्ञतेने. हे मत आमच्या सर्व वाचकांनी मान्य करावे असा आमचा आग्रह नाही. परंतु ज्या मुलीने आईबापांस व्रते करता करता उपाशी मरताना पाहिले, तिला आता आणखी काही फेडावयाचे उरले नाही हे कळल्यावर काय वाटले असेल, याची कल्पना कोणत्याही धर्माच्या मनुष्यास करता येईल.

या नव्या आनंदाची किंमत लवकरच द्यावी लागली. शारदासदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, या अटीवर न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांसारखे थोर पुरुष सल्लागार झाले होते. रमाबाई कोणा मुलीस प्रार्थनेस बोलावीत नसत, पण स्वतः प्रार्थना करताना दार लावूनही घेत नसत. मुली येऊन बसू लागल्या. १८९३ साली सल्लागारांनी राजीनामे दिले, वृत्तपत्रांतून टीकेची झोड उठली आणि पालकांनी वीसपंचवीस मुली काढून नेल्या. आमच्या मते येथे दोन्ही पक्षांस काही म्हणावयास जागा होती. ज्यांनी सनातन्यांचा रोष पत्करून आपल्या समाजातील विधवा या सदनाच्या स्वाधीन केल्या, त्यांची शंका पोकळ नव्हती. मुली अजाण होत्या आणि शिक्षिकेचे व्यक्तिमत्त्व विलक्षण होते. पण ज्या स्त्रीस जन्मभराच्या शोधानंतर जे सापडले, ते तिने दाराआड लपवावे ही अपेक्षाही चमत्कारिक होती. रानड्यांनी व भांडारकरांनी वैर धरून काही केले नाही, आणि रमाबाईंनी माघार घेतली नाही. एवढेच म्हणून आम्ही हा विषय सोडतो.

१८९६ साली लोणावळ्यास भरलेल्या ख्रिस्ती मेळाव्यास त्या पंधरा मुलींसह गेल्या होत्या. तेथे त्यांनी प्रार्थना केली ती अशी, की पुढील वर्षी या पंधरांचा वर्ग व्हावा! गणितात गती असलेल्या आमच्या बालवाचकांनी २२५ हा आकडा काढलाच असेल. तो आकडा पुरा झाला, पण फार भयंकर वाटेने. १८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. ती बातमी ऐकताच रमाबाईंस तिरुपतीचे रान आठवले. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि सडकांवरून, दुष्काळी छावण्यांतून शेकडो मुली व तरुण विधवा घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध. म्हणून केडगाव येथील आपल्या शेतजमिनीवर झोपड्या उभारून त्यांनी मुलींस ठेविले. तेच मुक्तिसदन. १९०० सालच्या गुजरातच्या दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. बोस्टनच्या मंडळाचे दहा वर्षांचे वचन तोवर संपले होते आणि कायमचे उत्पन्न असे काही नव्हते. मुली शेती करीत, विणीत, तेल गाळीत, छापखाना चालवीत. ज्या शास्त्र्याच्या घरी हातांनी काम करणे कुळास कमीपणा आणणारे होते, त्याच्या लेकीने दोन हजार मुलींस घाम गाळून भाकरी मिळविण्याचे शिक्षण दिले.

या वसाहतीतील एका इमारतीचे नाव आमच्या विषयास अगदी लागून आहे. फुलहॅमला पाहिलेले रमाबाई विसरल्या नव्हत्या. समाजाने पतित म्हणून हाकललेल्या, रोगांनी जर्जर झालेल्या स्त्रियांसाठी त्यांनी केडगावी वेगळे घर काढले आणि त्यास कृपासदन हे नाव दिले. सुधारगृह, प्रायश्चित्तगृह अशी नावे त्यांस देता आली असती. त्या काळी तशी नावे रूढही होती. तेथे येणाऱ्या कित्येक जणी उद्धट असत, चोऱ्या करीत, शिव्या देत, पळून जात. पळालेली परत आली की तिला पुन्हा घेण्यात येई. व्यवहारी माणसास हा भोळेपणा वाटेल, आणि संस्थेच्या शिस्तीस त्याचा त्रासही झाला असेल. पण दृष्टांतातला बाप मुलाकडून आधी लेखी हमी घेत नाही.

१९०५ साली मुक्तिसदनात प्रार्थनेची मोठी लाट आली. शेकडो मुली रडू लागल्या, पापे कबूल करू लागल्या, रात्र रात्र प्रार्थना चालल्या. देशोदेशीचे ख्रिस्ती लोक ते पाहण्यास येत. त्या प्रकारांविषयी तेव्हाच मतभेद होते आणि आम्हांसही त्यातले सर्वच मानवते असे नाही. रमाबाईंनी मात्र त्यात ईश्वराचा हात पाहिला, आणि शेतीची व शाळेची कामे तशीच चालू ठेविली. १९१२ च्या सुमारास निजामाच्या राज्यातील गुलबर्गा येथे त्यांनी शाळा काढली. तिचा भार मनोरमाबाईंनी वाहिला.

शेवटची सुमारे अठरा वर्षे त्यांनी एका कामास वाहिली. मराठी बायबल तेव्हा उपलब्ध होते, पण त्याची भाषा खेड्यातल्या बायकांस जड जाते असे त्यांस वाटे. म्हणून पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्यांनी हिब्रू व ग्रीक या भाषा शिकून मुळावरून सोप्या मराठीत भाषांतर आरंभिले. भागवत तोंडपाठ असलेल्या या पंडितेने संस्कृत शब्द एकेक करून गाळले आणि जात्यावर बसणाऱ्या बाईस कळेल असा शब्द शोधला. आमच्यासारख्यांस तिची मराठी कधी कधी ओबडधोबड भासते. पण ती आमच्यासाठी लिहिलेलीच नव्हती. खिळे जुळविणे, मुद्रिते तपासणे, पाने छापणे, बांधणी करणे ही सर्व कामे मुक्तिसदनातल्या मुली व बायाच करीत.

१९१९ साली सरकारने त्यांस कैसर-इ-हिंद पदक दिले. १९२१ च्या जुलैत चाळीस वर्षांची मनोरमा वारली. सहावे प्रेत त्यांनी पाहिले ते पोटच्या मुलीचे. तरीही मुद्रिते येत राहिली आणि त्या तपाशीत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे झोपेतच त्यांचे प्राणोत्क्रमण झाले. संपूर्ण बायबल १९२४ साली तेथल्याच छापखान्यातून बाहेर पडले.